जोडणीचा पाठ

मराठी घरात ‘मिक्सर’ हा शब्द उच्चारला की खोबरे-मिरची वाटण्याचे यंत्र डोळ्यांसमोर येते. विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओतला मिक्सरही वाटतोच. पण तो वाटून देतो. अनेक ठिकाणांहून आलेले ध्वनी तो स्वीकारतो, त्यांचे परस्परप्रमाण राखतो आणि कोणता ध्वनी कोठे जावयाचा याची वाट आखून देतो. असे दोन-तीन डिजिटल मिक्सर एकमेकांना जोडले गेले की वाटांचे जे जाळे तयार होते, ते तंत्रज्ञांच्या अखत्यारीतले मानून साहित्याचे अभ्यासक त्यापासून दूर राहतात. वस्तुतः ते जाळे हीच रचनेची संहिता असते, आणि संहिता राखणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच तिकडे पाठ फिरवावी हे उचित नव्हे.

पूर्वी ही संहिता निदान डोळ्यांना दिसत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (ती विद्यापीठ नव्हे, पण शिक्षणसंस्थाच) 1969 साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी तेथे रचना केल्या. त्या सिंथेसायझरला स्मृती नव्हती. एका खणातला ध्वनी दुसऱ्या खणात न्यावयाचा तर केबल हाताने खोचावी लागे. केबली उपसल्या की वाट मोडली. त्या काळच्या टेप टिकल्या आणि त्यांतील निवडक रचना 2023 मध्ये प्रकाशितही झाल्या, हे भाग्यच म्हणावयाचे. परंतु टेपवर ऐकू येतो तो प्रवासाचा शेवट. कोणती केबल कोठून कोठे गेली होती, हे नुसत्या श्रवणाने निश्चित करता येत नाही.

डिजिटल मिक्सरने केबल जवळजवळ नाहीशी केली. प्रकाशतंतूच्या एका बारीक धाग्यातून, ‘एडॅट’ पद्धतीने, आठ स्वतंत्र ध्वनिप्रवाह एका मिक्सरमधून दुसऱ्यात जातात. ‘माडी’ पद्धतीच्या एकाच तारेतून चौसष्टपर्यंत. बाहेरून पाहणाऱ्यास एक धागा दिसतो. त्याच्या आत कोणता प्रवाह कोणत्या क्रमांकावर वळवला आहे ते यंत्राच्या पोटात असते. शिवाय या यंत्रांना काळाचे एकमत लागते. जोडलेल्या मिक्सरांपैकी एकाने घड्याळ चालवावयाचे आणि इतरांनी त्याच्या मागे चालावयाचे. दोघांनीही स्वतःचेच घड्याळ प्रमाण मानले तर ध्वनीत टकटक उमटू लागते. सेकंदाला 44,100 नमुने घेऊन केलेले मुद्रण दुसऱ्या यंत्राने 48,000 च्या गतीने वाचले, तर गाणे सुमारे नऊ टक्के वेगाने धावते आणि गायिकेचा षड्ज कोमल ऋषभ ओलांडून शुद्ध ऋषभाच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. रचनेच्या मुखपृष्ठावर या घड्याळाचा उल्लेख कोणी करीत नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट प्रतिध्वनीची. मूळ स्वराचा एक फाटा प्रतिध्वनीच्या यंत्राकडे पाठवावयाचा असतो. तो फाटा स्वराची पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या आधी काढावा की नंतर, हे मिक्सरला सांगावे लागते. नंतर काढला, तर पट्टी खाली ओढताच स्वर मावळतो आणि त्याच्या प्रतिध्वनीला नवे खाद्य मिळत नाही. आधी काढला, तर स्वर नाहीसा होतो आणि त्याची छाया मात्र मागे गातच राहते. माणूस निघून गेल्यावर घरात रेंगाळणाऱ्या त्याच्या आवाजासारखा हा अनुभव. शोकगीतात या दोहोंचा अर्थ सर्वस्वी भिन्न होईल. हा पाठभेद नव्हे तर काय? आणि तो यंत्रातल्या एका खुणेवर अवलंबून असतो. जुन्या डिजिटल मिक्सरांत ही खूण एका लहानशा बॅटरीच्या आधाराने जगते. बॅटरी संपली की पुसली जाते. ती फाइलीत जतन केली तरी दुसऱ्या उत्पादकाचे यंत्र ती बहुधा वाचू शकत नाही.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ही विपत्ती अपरिचित नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला तो पाठ बिघडत चालल्याचे दिसल्यामुळेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पुरी झाली. हस्तलिखितांच्या साक्षीने जेथवर मागे जाता येते तेथवरच जावयाचे, ही सुकथनकरांची शिस्त तिच्या मुळाशी आहे. स्टुडिओत मात्र साक्ष देणारी प्रतच नसते.

यावर आक्षेप येईल की आपली संगीतपरंपरा मौखिक आहे. बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते, तेथे तक्ते कोणी मागितले? आक्षेपात तथ्य आहे. पण तेथे गुरू हयात असतो, चुकलेली जागा दुरुस्त करतो. स्टुडिओत जोडणी ठाऊक असलेला विद्यार्थी दोन वर्षांनी पदवी घेऊन जातो आणि नव्या वर्गासाठी यंत्र कोरे करण्यात येते. हे घराणे दर जूनमध्ये विसर्जित होते.

उलट उदाहरणेही आहेत. कोलोनच्या नभोवाणी स्टुडिओत 1954 साली सिद्ध झालेल्या ‘स्टुडी 2’ या रचनेची स्वरलिपी श्टोकहाउझेन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केली. कंपनसंख्या, कालमान, ध्वनिपातळी हे सारे तीत असल्यामुळे ती रचना नंतर इतरांना निराळ्या साधनांवर पुन्हा घडवता आली. जॉन चाउनिंग यांची स्टॅनफर्डमधील ‘स्ट्रिया’ ही 1977 ची संगणकरचना. तिच्या पुनर्बांधणीसाठी अभ्यासकांनी केलेले श्रम 2007 मध्ये ‘कॉम्प्यूटर म्युझिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एका शोधनिबंधाने स्वतःला शीर्षकातच पाठचिकित्सेची परंपरा सांगणारे विशेषण लावून घेतले आहे. संगीतशास्त्राने ही विद्या साहित्याकडून उसनी घेतली. साहित्याच्या विभागांनी ती स्वतः होऊन देऊ केली असती तर अधिक शोभले असते.

विद्यापीठांत संगीत, संगणक आणि भाषा हे विभाग निरनिराळ्या इमारतींत नांदतात, त्यामुळे पुढाकार कोणी घ्यावा हा प्रश्न वर्षानुवर्षे फायलीत पडून राहू शकतो. तोवर करण्याजोगे काम मात्र साधे आहे. परीक्षेसाठी रचना सादर होताना तिच्यासोबत कागदावर एक तक्ता घ्यावा: कोणता निर्गम कोणत्या प्रवेशाला जोडला, घड्याळ कोणत्या यंत्राचे, नमुन्यांची गती किती, प्रतिध्वनीचा फाटा पट्टीच्या आधी की नंतर. त्यावर दिनांक आणि करणाऱ्याची सही असावी, ग्रंथालयाने त्यास दाखलक्रमांक द्यावा आणि तो क्रमांक नोंदला जाईपर्यंत मिक्सरची स्मृती कोणी पुसू नये.