दोष फक्त सुनेच्याच माथी का?

मैत्रिणींनो, २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या सोळा कोटींच्या औषधासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतंय? केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. तेव्हापासून मोबाइलवर अशी आवाहनं येतच असतात. आमच्या महिला मंडळातही चर्चा होते, पण ती किमतीचीच. त्या बाटलीत असतं काय, हे कुणी विचारत नाही.

असतो चक्क विषाणू! कोरोनानंतर या शब्दाचीच धास्ती बसली आहे. पण विषाणूला एक गोष्ट पक्की जमते, पेशीत शिरणं. शास्त्रज्ञांनी त्याची हीच खोड कामाला लावली. माणसाला आजारी न पाडणारा एक विषाणू निवडला, त्याचं स्वतःचं सामान काढून टाकलं आणि रिकाम्या डब्यात चांगलं जनुक भरून दिलं. ‘एसएमए’ या आजारात हेच जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. आजार तीव्र असेल तर बाळ मान धरत नाही, गिळणं अवघड होतं, पुढे श्वासही. झोलजेन्स्मा नावाचं हे औषध (अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली) सलाइनसारखं शिरेतून एकदाच देतात. कारण शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा आलाच तर दारातच अडवतं. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. वर्गणी जमवण्यात जाणारा एकेक महिना म्हणून फार महाग पडतो.

धोका नाही असंही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अशाच एका प्रयोगात, वेगळ्या विषाणूच्या डोसनंतर, चार दिवसांत दगावला. आजही हे औषध दिल्यावर यकृतावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

पण मला जास्त टोचतं ते घरातलं बोलणं. मूल असं निघालं की ‘हिच्याच माहेरचं काहीतरी’ हे ठरलेलं! अहो, एसएमएमध्ये बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. दोघंही ठणठणीत असतात, त्यामुळे पत्ताच लागत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. मामाच्या मुलीशी वगैरे, नात्यात लग्न झालं असेल तर ही गाठ पडायची शक्यता वाढते. मग एकट्या सुनेनेच का ऐकून घ्यायचं?

दुर्मीळ आजारांसाठी केंद्राच्या धोरणात पन्नास लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. सोळा कोटींपुढे पन्नास लाख म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मात्र विषाणूच्याच वाहनातून हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर उपचार केले, त्यांचा रक्तस्राव थांबल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे हे काम होऊ लागलंय, तर किंमतही आपल्या आवाक्यात यावी, ही मागणी आपण करायला नको?

आणि घरात असं मूल होऊन गेलं असेल, तर पुढच्या वेळी आधीच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते. जाताना नवऱ्यालाही न्या, रक्त त्याचंही तपासायला हवं.