अर्ज न करणारी माणसे

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्याच्या पूर्ण नावात शाश्वत विकासाचाही उल्लेख आहे, पण तो आपल्याकडच्या फलकावर मावणार नाही. याआधी असे वर्ष २००१ मध्ये पाळले गेले होते. आता या निमित्ताने आपल्याकडे काय काय होईल हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा घाणेकर, कल्याणात अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर यांपैकी कुठे तरी रविवारची तारीख मिळवली जाईल. चौकातल्या फलकावर सत्कारमूर्तींची नावे मुंगीएवढ्या अक्षरांत आणि निमंत्रकांचे चेहरे हत्तीएवढे असतील. पन्नास-साठ जणांना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह दिले जाईल. चाळिसाव्याचे नाव पुकारले जाईपर्यंत प्रमुख पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला निघून गेलेले असतील आणि त्याच्या हातात पडलेल्या सन्मानपत्रावर एकेचाळिसाव्याचे नाव असेल. मग दोघे विंगेत एकमेकांना शोधत बसतील.

सत्कार वाईट, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात राबलेल्या माणसाला एकदा टाळ्या ऐकाव्याशा वाटल्या तर बिघडले कुठे? निदान घरच्यांना तरी कळते की हा दर रविवारी सकाळी जातो कुठे. आमची हरकत आहे ती निवडीच्या पद्धतीला आणि सोमवारच्या विस्मरणाला. रविवारी ज्याच्या खांद्यावर शाल पडली तोच सोमवारी नाल्यातल्या भरावाची तक्रार घेऊन प्रभाग कार्यालयात गेला, की ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे उत्तर तयारच असते.

नजरेआड कोण राहते हे पाहायला कल्याणच्या पत्रीपुलाचे उदाहरण घेऊ. हे नाव काढले की कल्याण-डोंबिवलीकराला वाहतूक कोंडी आठवते. ब्रिटिशकालीन जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला आणि मधल्या काळात त्या रस्त्यावर अडकलेल्यांनी यंत्रणेचा भरपूर उद्धार केला. त्याच पत्रीपुलाच्या परिसरात हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे, हे मात्र तिथे तास तास अडकून पडलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? जानेवारी २०२३ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी आली. त्यात झाकिर हुसेन होते, सुमन कल्याणपूर होत्या, रवीना टंडनही होत्या आणि याच यादीत गजानन जगन्नाथ माने हे नाव होते. माने हे नौदलातले माजी सैनिक. या वसाहतीतल्या माणसांसाठी त्यांनी कित्येक वर्षे काम केले, त्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. पहिली तीन नावे कोणाची हे कोणाला सांगावे लागले नाही. माने कोण, हे मात्र त्यांच्याच शहरातल्या अनेकांनी त्या रात्री मोबाइलवर शोधले असेल.

या कामाचे स्वरूप जरा जवळून पाहायला हवे, कारण पुरस्काराचा सगळा प्रश्न त्यात आहे. कुष्ठरोग औषधांनी बरा होतो. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पायाला संवेदना नसली की चपलेचा खिळा रुतला तरी कळत नाही, कळते ते जखम चिघळल्यावर. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवायचे, घट्टे खरवडायचे, तेल लावायचे, जखम असेल तर धुऊन पट्टी बांधायची आणि पायात मऊ रबराची चप्पल आहे ना हे पाहायचे. उद्या पुन्हा हेच. दिवाळीतही हेच आणि मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या तरी हेच. चार-आठ दिवस खंड पडला तर एखाद्याचे बोट जाऊ शकते. या कामाला उद्घाटन नसते, समारोप नसतो, छायाचित्र काढण्याजोगा क्षणही नसतो. बरे, पट्टी बांधणाऱ्याचे यश कशात? तर काहीच झाले नाही यात. जखम चिघळली नाही, पाय कापावा लागला नाही. जे घडलेच नाही, त्याचे कात्रण कुठून आणायचे?

आणि आपल्या सरकारी पुरस्कारांना कात्रणेच लागतात. जिल्हा युवा पुरस्कारासारख्या योजनांत इच्छुकानेच अर्ज करायचा असतो. सोबत केलेल्या कामाचे पुरावे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि पोलिसांचा दाखला जोडायचा. सार्वजनिक पैसा द्यायचा तर पडताळणी हवी, हे मान्य. पण या पद्धतीत निवड होते ती फाइल चांगली लावता येणाऱ्यांची. ज्याला स्वतःविषयी चार ओळी लिहिताना संकोच वाटतो तो पहिल्याच फेरीत बाद. (उलट काहींच्या फाइली पाहिल्या की हे गृहस्थ काम केव्हा करत असतील, असा प्रश्न पडतो.) पद्म पुरस्कारांसाठी आता कोणीही कोणाचेही नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचेही. माने यांच्यासारखी नावे वर येण्यात या खुलेपणाचा वाटा असावा. मग दिल्लीला जे जमते ते पालिकेला का जमू नये? ठाणे महापालिका वर्धापनदिनाच्या निमित्ताने ठाणे भूषण, ठाणे गौरव आणि ठाणे गुणीजन असे पुरस्कार देते. त्यांच्या मानकऱ्यांची निवड कोणी केली आणि कशासाठी केली, हे नागरिकांना दोन ओळींत तरी कळायला हवे.

निवड कशी करावी याचा धडा घ्यायला फार लांब जायला नको. ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेचा एकलव्य गौरव पुरस्कार दहावी उत्तीर्ण होणाऱ्या कष्टकरी घरांतल्या मुलामुलींना दिला जातो. तिथे टक्केवारीचा झेंडा मिरवला जात नाही. घरकाम करून, भाजी विकून, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करून मूल उत्तीर्ण झाले याची दखल घेतली जाते. ती घेण्यासाठी वस्तीत कोण कसे शिकते आहे हे ठाऊक असलेले कार्यकर्ते लागतात. शोधणाऱ्याने झिजायचे आणि मिळवणाऱ्याने फक्त यायचे, असा तो रिवाज आहे. मोठ्या पुरस्कारांनी तो उचलावा.

ही शहरे अशा माणसांवरच उभी आहेत, हे नवीन नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाणे महापालिका जन्मली १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली त्यानंतर वर्षभराने. म्हणजे महापालिका यायच्या शंभरेक वर्षे आधी इथे कोणी तरी संध्याकाळी कपाट उघडून पुस्तके वाटत होते. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि गावोगावी तिची नक्कल झाली. त्या सकाळी रस्त्यावर दिसणारी शिस्त हे स्वयंसेवकांचेच काम. पण ढोल-ताशांपुढे कॅमेरे असतात, तिथल्या कष्टाला दाद मिळते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. तिच्या ‘मैत्र’ या दूरध्वनी सेवेवर प्रशिक्षित कार्यकर्ते अनोळखी माणसाचे दुःख ऐकून घेत. ते कोणाला सांगता येत नाही आणि सांगायचेही नसते. अशा कामाचा सत्कार गर्दीत करणार कसा? त्याची कदर झाली ती प्रशिक्षणाने आणि पाठीशी जाणत्या माणसांना उभे करण्याने.

इथल्या स्वयंसेवेची किंमतही निराळी आहे. सकाळी सातची लोकल धरून रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्या डोंबिवलीकराकडे पैसा थोडाफार असेल, वेळ नसतो. त्याने दिलेले रविवारचे दोन तास हे त्याच्या आठवड्यातले जवळपास शेवटचे शिल्लक तास असतात. शिवाय या शहरांनी अलीकडे मोठा विचित्र काळ पाहिला. कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्हीकडे प्रशासकांचे राज्य होते. खांबावरचा दिवा लागत नाही हे सांगायला हक्काचा नगरसेवक नव्हता. त्या पोकळीत गृहसंकुलांचे गट, प्लास्टिक गोळा करणाऱ्या महिला, झाडे जगवणारे निवृत्त कर्मचारी आणि नदीच्या प्रदूषणावर पत्रांमागून पत्रे लिहिणारे नागरिक तग धरून राहिले. नव्या सभागृहांनी या मंडळींना सत्काराआधी प्रलंबित पत्रांची उत्तरे द्यावीत.

आता पैशाविषयी. स्वयंसेवकाला पैसा दाखवला की सेवाभाव नासतो, असे एक सोयीस्कर मत सत्कार करणाऱ्यांतच फार आढळते. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात रुळांवर पडलेल्या मुलाला वाचवायला पॉइंट्समन मयूर शेळके गाडीसमोर धावले. ते नोकरीवर होते, पण जिवावर उदार व्हा असे नोकरीच्या नियमात नसते. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपये दिले. त्यांनी त्यातले अर्धे त्या मुलासाठी द्यायचे ठरवले. रकमेने कोण बिघडले? अपघातग्रस्ताला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची योजना २०२१ मध्ये पाच हजार रुपयांनी सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती रक्कम २५ हजार झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा माणसाला पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवता येणार नाही, हे संरक्षण २०१६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि पुढे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मिळाले. मदत केली म्हणून मनस्ताप होणार नाही, ही हमी कोणत्याही मानपत्राहून मोठी आहे.

तीच गोष्ट विम्याची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाला बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा मिळतो. पण संकट आले की यादीतले आपदा मित्र पोहोचण्याआधी शेजारचे लोक पोहोचतात. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. नौदल, हवाई दल आणि आपत्ती प्रतिसाद दलाने हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले, त्यांच्या मदतीला आसपासचे गावकरी होते. विसर्जनाच्या रात्री घाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहणारी पोरे दरवर्षी असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला काही झाले तर? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत दोन लाखांच्या अपघात विम्याचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. बाजारात आज वीस रुपयांत नारळ येत नाही. पालिकांनी नोंदणी केलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाचा हा हप्ता भरला, तर अर्थसंकल्पाला ओरखडाही उमटणार नाही.

सन्मानाच्या उत्साहात स्वयंसेवकाचाच विसर पडला की काय होते, हे आपण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा भर उन्हाळ्यात उघड्या मैदानावर ठेवला गेला. ज्यांनी गावोगावी हातात झाडू घेऊन रस्ते झाडले, झाडे लावली, ते त्यांचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, डोक्यावर छप्पर नसताना तासन् तास बसून राहिले. मांडव व्यासपीठावर होता. चौदा जणांनी प्राण गमावले. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. फक्त कार्यक्रम आखणाऱ्यांनी आधी प्रेक्षकांत जाऊन बसावे आणि मग व्यासपीठाकडे वळावे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. स्वयंसेवकांचे कौतुक वाढले की यंत्रणा हात झटकते. खड्डे नागरिकांनी बुजवायचे, कचरा नागरिकांनी उचलायचा आणि पालिकेने टाळ्या वाजवायच्या. हे होते, आणि ते होऊ देता कामा नये. पण दोघांनी मिळून काम कसे करावे याचा नमुनाही ठाण्यातच आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांनी २०१६ मध्ये कंटेनरमध्ये शाळा सुरू केली. मुले जिथे आहेत तिथे शाळा नेण्याची कल्पना आणि रोजची मेहनत कार्यकर्त्यांची, तर हक्काची जागा आणि पाठबळ पालिकेचे. पुढे तिथली मुले दहावी उत्तीर्ण झाली. पुलाखालच्या जागेत वाहनतळ करायचा की शाळा, हा निर्णय कोणत्याही कार्यकर्त्याच्या हातात नव्हता. तो ज्यांच्या हातात होता त्यांनी तो घेतला, यातच त्या कार्यकर्त्यांचा मान होता.

येत्या १ ऑक्टोबरला दोन्ही महापालिकांचे वर्धापनदिन आहेत. निवडून आलेल्या सभागृहांचा हा मोठ्या खंडानंतरचा पहिलाच वर्धापनदिन. तेव्हा पुरस्कारांसाठी अर्ज मागवणे बंद करावे. प्रत्येक प्रभागातून शाळा, दवाखाने, वाचनालये, सफाई कामगार आणि परिचारिका यांच्याकडून नावे घ्यावीत, कारण कोण खरोखर येते आणि कोण फक्त फोटोपुरते येते हे त्यांना पक्के ठाऊक असते. निवडलेली नावे कामाच्या दोन ओळींसह पंधरा दिवस आधी प्रभाग कार्यालयाबाहेर लावावीत. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, तशा त्यांच्यावरही मागवाव्यात. नगरसेवकाचा मेहुणा यादीत असेल तर पहिल्याच दिवशी हरकत येईल.