कॅमेऱ्यामागच्या जागेवर आपल्या लेकींचाही हक्क

मालिका संपली की पडद्यावर खालून वर नावे धावू लागतात आणि आपल्या घरातला टीव्ही नेमका त्याच वेळी बंद होतो. नायिकेची साडी, सासूची टिकली, कोणाचे लग्न मोडले, यावर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होते. पण ती धावणारी नावे कोणाची, ती माणसे करतात काय आणि त्यांना मिळते किती, हे कोणी विचारत नाही. या खेपेला आम्ही वाचकांचे, विशेषतः मुलींच्या आईवडिलांचे, लक्ष त्या नावांकडे वेधणार आहोत. त्या नावांत आता स्त्रिया दिसू लागल्या आहेत. आपल्या वस्त्यांतल्या लेकी मात्र तिथे फार थोड्या आहेत.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने बारावीनंतर संकलन, म्हणजे एडिटिंग, शिकायचे म्हटले तेव्हा घरात गहजब झाला. “पोरीला सिनेमात नाचवायची का?” असे वडिलांनी विचारले. आम्ही या बापाला हसणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांना तमाशाच्या फडावर उभे केले गेले, मुरळी आणि जोगतीण म्हणून देवाच्या नावाने सोडले गेले. त्या अपमानाची आठवण अजून आपल्या रक्तात आहे. १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी अशा भगिनींना ते जिणे सोडून देण्याचे कळकळीने आवाहन केले होते. तेव्हा ‘सिनेमा’ शब्द ऐकून बाप दचकला, तर त्यामागे इतिहास आहे.

परंतु बंधूंनो, कॅमेऱ्यापुढे उभे राहणे आणि कॅमेऱ्यामागे उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्यामागे हुन्नर आहे. तिथे छायाचित्रण आहे, संकलन आहे, ध्वनिमुद्रण आहे, वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य, लेखन आहे. आधीच्या दृश्यात बाईचा पदर कोणत्या खांद्यावर होता, पेल्यात पाणी किती होते, हे टिपून ठेवणारी एक व्यक्तीसुद्धा पगारावर असते. तिच्या कामाला ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. ज्या मुलीची वही नीटनेटकी आहे आणि नजर तीक्ष्ण आहे, तिला हे काम का जमू नये?

स्त्रियांनी हे काम करून दाखवायचे अजून बाकी आहे, असेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत राबत होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात होता. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती एक स्त्री होती आणि तीही कॅमेऱ्यामागची. तमिळमध्ये बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ साली ‘चिन्न वीडु’चे छायाचित्रण स्वतंत्रपणे केले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री अंजुली शुक्ला. ‘कुट्टी स्रांक’ या मल्याळी चित्रपटासाठी त्यांना तो २००९ सालचा मिळाला. यादी अभिमानाची आहे, पण लांबलचक नाही. भारतीय चित्रपट आणि मालिकांची पाहणी करणाऱ्या २०२३ च्या एका अहवालात दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, लेखन आणि कलादिग्दर्शन या खात्यांच्या प्रमुखपदांवर शेकडा १२ च स्त्रिया आढळल्या.

असे का? बायांना अवजड कॅमेरा उचलत नाही म्हणून? डोक्यावर विटांची चवड घेऊन चार मजले चढणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कारण कोणी सांगू नये. खरे कारण समजून घेण्यासाठी आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवावी लागेल.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनी घाम गाळला. पण साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्य कामगाराला घेत नसत. सांगितले जाई ते असे की, धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, मग अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतरांनी कसा वापरायचा? साचेखात्यात पगार जास्त होता, ही गोष्ट मात्र कोणी मोठ्याने बोलत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाशी भांडणारा कामगारच आपल्या सोबत्याला चांगल्या खात्याच्या दारात अडवतो, ही लबाडी त्यांनी उघडी केली.

आता मुंबईच्या चित्रपटसृष्टीकडे पाहा. तिथे काम करायचे तर त्या त्या धंद्याच्या संघटनेचे कार्ड लागते. रंगभूषाकारांच्या संघटनेत कित्येक दशके असा नियम होता की, बाईने केशभूषा करावी, चेहऱ्याची रंगभूषा करण्याचे कार्ड मात्र पुरुषालाच मिळेल. नटीच्या केसांना हात लावायला बाई चालते, तिच्या गालाला लावायला चालत नाही! चारू खुराणा यांनी परदेशात जाऊन या कामाचे रीतसर शिक्षण घेतले होते. त्यांनी कार्ड मागितले तेव्हा ते नाकारले गेले. एक तर त्या स्त्री होत्या आणि दुसरे म्हणजे महाराष्ट्रात त्यांचे पाच वर्षांचे वास्तव्य नव्हते. बिनकार्डाचे काम केले म्हणून त्यांच्याकडे दंडही मागण्यात आला. बायांना कार्ड दिले तर पुरुषांचे काम जाईल, असे समर्थन संघटनेकडून केले गेले. साचेखात्यातली कुजबुज इथे उघड बोलली गेली, एवढाच फरक.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा नियम रद्द केला आणि अर्जदार स्त्रियांची रंगभूषाकार म्हणून चार आठवड्यांत नोंदणी करावी, असा आदेश दिला. वास्तव्याची अटही रद्द झाली. आधार कोणता होता? समानतेचे कलम १४, व्यवसायाच्या स्वातंत्र्याचे कलम १९, सन्मानाने जगण्याचे कलम २१. म्हणजे बाबासाहेबांनी लिहिलेले संविधान रंगभूषेच्या खोलीपर्यंत पोहोचले! ज्यांच्यासाठी ते पोहोचले त्या बहुतेकींना हे ठाऊकही नसेल. म्हणून आम्ही ही तारीख मुद्दाम इथे नोंदवत आहोत. वाचकांनी ती आपल्या मुलींना सांगावी.

कॅमेऱ्यामागची जागा हा नुसता पोटापाण्याचा प्रश्न नाही. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याच्या नजरेने जग आपल्याला पाहते. सोलापूरहून हैदराबादला जाताना तेलंगणात झहीराबाद लागते. त्याच्या जवळच्या पस्तापूर गावात आणि आसपासच्या खेड्यांत शेतमजुरी करणाऱ्या दलित बाया डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या मदतीने १९९८ च्या सुमारास व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. पुढे त्यांनी बियाणे, शेती, भरडधान्ये यांवर चित्रपट केले. २००३ साली वरंगळ भागातल्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांची व्यथाही त्यांनीच टिपली.

या बायांनी कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावे दिली. वरून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला त्या ‘पटेल शॉट’ म्हणतात. पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील, आणि मजुराकडे पाहण्याची ही त्याची नजर. खालून वर पाहणारा कॅमेरा ही मालकापुढे वाकलेल्या गड्याची नजर. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा, बरोबरीचा तो ‘संघम शॉट’. संघम म्हणजे त्यांच्या गावातला बायांचा गट, जिथे सगळ्या एकाच जमिनीवर, एकाच उंचीवर बसतात. आपण रोज ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणतो. त्यातल्या ‘संघ’ शब्दाचा अर्थ या माउल्यांनी कॅमेऱ्यात उतरवला, असे आम्हाला वाटते.

आता पडद्यावर आपली वस्ती कशी दिसते ते आठवा. गटार, भांडण, दारू आणि वरून खाली पाहणारा कॅमेरा! सहानुभूतीनेसुद्धा दुसरा आपली गोष्ट सांगतो तेव्हा काही सुटतेच. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात २००२ साली सुरू झालेले ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी, त्यात दलित स्त्रियांनी, चालवलेले वृत्तपत्र. पुढे त्या मोबाईलवर बातम्या चित्रित करू लागल्या. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. तो प्रभावी आहे हे या भगिनींनी मान्य केले. पण आपल्या कामाचे चित्र त्यात पुरे आलेले नाही, असेही त्यांनी जगासमोर स्पष्टपणे सांगितले. कॅमेरा हाती धरणाऱ्या बायाच असे बोलू शकतात.

आता या धंद्याची दुसरी बाजू. आम्ही कारकून माणसे. एक तारखेला पगार हातात पडण्याची सवय. या धंद्यात ती नाही. मालिकांच्या कामात बारा तासांची पाळी असते आणि पैसे पुष्कळदा ९० दिवसांनी मिळतात. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलात आले, तर घरभाडे, लाईटबिल आणि रेशन मधले तीन महिने कशावर चालवायचे, हा हिशेब आधी घरात मांडला पाहिजे. काम ओळखीवर मिळते आणि ओळखी ज्यांच्या त्यांच्या जातीगोतात असतात. केरळच्या चित्रपटसृष्टीची चौकशी करणाऱ्या न्या. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रीकरणाच्या जागी शौचालय नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, असे त्यात आहे. लैंगिक छळाच्या हकिकती तर वाचवत नाहीत. तेव्हा ‘तिथे सगळे छान आहे’ असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण गिरणीत, बांधकामावर आणि परक्या घरच्या धुण्याभांड्याच्या कामातही आपल्या बाया सुरक्षित होत्या, असे कोण म्हणेल? धोका आहे म्हणून मुलीला घरी बसवणे हा उपाय नव्हे. तिला हुन्नर आणि कायदा दोन्ही शिकवून पाठवणे हा उपाय आहे.

म्हणून आईवडिलांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, मुलीला एक काम पक्के शिकू द्या. ‘सिनेमात जायचे’ हे काम नव्हे, ‘संकलन शिकायचे’ हे काम. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. ती केंद्र सरकारची आहे. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जागा थोड्या आहेत, पण त्यांत अनुसूचित जातींना आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही केंद्रात ते मिळते. दाखला आणि बाकीचे कागद आजच तयार ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहून काही होत नाही.

दुसरी, ज्यांना पदवीपर्यंत थांबणे परवडत नाही त्यांच्यासाठी आयटीआय आहे. तिथे शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड आहेत. वेशभूषा, रंगभूषा आणि दिव्यांच्या खात्याकडे जाणाऱ्या या पायवाटा आहेत. आणि एका जागी काम मिळाले नाही, तरी शिकलेला ट्रेड वाया जात नाही.

तिसरी, संघटनेचे कार्ड घेतल्याशिवाय आणि कामाचे दर लेखी ठरल्याशिवाय राबू देऊ नका. रात्री उशिरा सुटल्यावर घरी सोडायची सोय कोणाची, हे पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे. चित्रपटाच्या निर्मितीलाही हे लागू आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले.

चौथी गोष्ट आईवडिलांना नाही, आपल्या मंडळांना. ज्योती निशा यांनी ‘डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन’ हा माहितीपट उभा करताना लोकांकडून वर्गणी घेतली आणि लोकांनी ती दिली. वर्गणी आपल्याला नवी नाही. आमच्या जयंती मंडळाचा हिशेब आम्हीच लिहितो. मिरवणुकीतल्या डीजेचा आकडा लिहिताना दरवर्षी आमचा हात अडखळतो. तो आकडा निम्मा केला, तर वस्तीतल्या एका मुलीची वर्षाची फी सहज निघेल. येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. आपापल्या वस्तीतही तो मांडला जावा. कोणी म्हणेल, डीजे नसेल तर जयंती फिकी वाटेल. त्याला विचारा, आपल्या लेकीचे नाव पडद्यावर वर सरकताना पाहण्यापेक्षा मोठा आवाज कोणत्या डीजेचा आहे?

जय भीम!