मोज्याचा खर्च कोणी सोसायचा?

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, पाय सुजतो, ठणकतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने रुग्ण वाचला की दवाखान्याच्या कागदावर प्रकरण मिटते. पण दुखणे मिटत नाही. अशा शंभर रुग्णांपैकी वीस ते पन्नास जणांचा पाय पुढे जड राहतो, संध्याकाळी सुजतो, काळवंडतो. काहींच्या घोट्याजवळ वर्षानुवर्षे न भरणारी जखम होते. अंगमेहनतीवर जगणाऱ्याचा पाय गेला म्हणजे घराची चूल गेली!

यावर डॉक्टर दाबाचे मोजे, म्हणजे स्टॉकिंग, घालायला सांगतात. पूर्वी सरसकट दोन वर्षे घालण्याचा सल्ला असे. 2014 साली कॅनडातील मोठ्या अभ्यासात या मोज्यांचा फायदा दिसला नाही. पण त्यातील अनेक रुग्णांनी मोजे नियमित घातलेच नव्हते, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. पुढे 2018 साली नेदरलँड्स व इटलीतील 865 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने ठरल्याप्रमाणे दोन वर्षे मोजे घातले. दुसऱ्या गटाचा पाय ठरावीक महिन्यांनी तपासला आणि त्रास नसेल त्याचे मोजे लवकर बंद केले. निम्म्याहून अधिक जणांचे मोजे सहा महिन्यांतच उतरले, आणि त्या गटाची अवस्था पहिल्या गटापेक्षा वाईट झाली नाही. खर्च मात्र वाचला.

हा खर्च कशाने वाचला, ते नीट समजून घेतले पाहिजे. रुग्णाला मोजे नाकारून तो वाचलेला नाही. रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावून, त्याचा पाय पाहून वाचला आहे. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. दुखते का, जड वाटते का, खाजते का हे विचारायचे. सूज, रंग, जखम पाहायची आणि गुण मांडायचे. मोजे देण्यापूर्वी पावलातील नाडी तपासायची, कारण ज्याच्या पायाला मुळात रक्तपुरवठाच कमी आहे त्याला दाबाने इजा होते.

आता नंदुरबारकडे पाहा. 1998 साली जिल्हा झाला, 2020 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि सिकलसेलच्या रुग्णाला गुठळीचा धोका अधिक असतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही तो वाढतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते. कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा माणसाने तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पाय दाखवायला जिल्ह्याच्या गावी यायचे कसे? भाडे कोणी द्यायचे? बुडालेली मजुरी कोणी द्यायची? आणि चांगल्या मोज्याचा जोड हजारांच्या घरात जातो, काही महिन्यांत सैल पडून बदलावा लागतो, तो घ्यायचा कुठून?

युरोपात तपासणीमुळे मोजे लवकर उतरले. आमच्याकडे तपासणीच नसेल तर मोजे एकतर कधी चढणार नाहीत, किंवा ऐपत नाही म्हणून उतरतील. ती बचत नव्हे, तो खर्च गरिबाच्या अंगावर ढकलणे आहे!

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. संविधानाच्या 47 व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत मोफत उपचाराची घोषणा झाली. मग गुठळीनंतरचा मोजा हाही उपचारच आहे, चैन नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. गुठळीच्या रुग्णाला मापाचे मोजे मोफत द्या. पाय तपासण्याचे प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना व परिचारिकांना द्या. सिकलसेलच्या तपासणीत आणि बाळंतिणीच्या भेटीत एका पायाच्या सुजेची विचारपूस करा. कार्यकर्त्यांनीही गावोगावी सांगावे: एकच पाय अचानक सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तिथे गेल्यावर पुढच्या तपासणीची तारीख हक्काने मागून घ्या.