घटांतलें बीं

आश्विन शुद्ध प्रतिपदेस ज्या घरीं घट बसत नाहींत असें शेतकऱ्याचें घर नाशिक जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. कोणाची कुलदेवता गडावरची अठरा भुजांची सप्तशृंगी, तर कोणाची चांदवडची रेणुका. वेशीबाहेर किंवा शिवाराच्या कडेला शेंदूर माखून बसलेली जी गांवची आई, मरीआई म्हणा वा शीतळा म्हणा, तिच्यापुढेंही पुष्कळ गांवीं याच दिवशीं माती व धान्य मांडलें जातें. येवल्याजवळ कोटमगांवीं तर जगदंबेच्या देवळांत भाविक स्त्री-पुरुष नऊ दिवस घटीं बसतात.

या पूजेचा विधि आपणांस सांगावयास नको. पत्रावळीवर शेतांतली माती पसरावयाची, मध्यें कच्च्या भाजणीचा घट ठेवावयाचा, भोवतीं गहूं, ज्वारी, हरभरा, मका अशीं धान्यें पेरावयाचीं. घट झिरपतो, त्या ओलाव्यावर धान्य रुजतें. वरून रोज कारळ्याच्या फुलांची माळ चढते. दसऱ्यास घट उठले म्हणजे ते तुरे देवीस वाहून पुरुषमंडळी फेट्यांत वा टोपींत खोवून शिलंगणास जातात. आमच्या लहानपणीं घट कसे आले हें पाहण्यास आळींतल्या बायका एकमेकींच्या घरीं जात, आणि त्यांचें बोलणें ऐकलें तर कोणाच्या कणगींत काय दर्जाचें धान्य आहे हें गांवास कळून येई.

आमच्या घरीं एका वर्षीं घटांतला गहूं फार विरळ आला. हरभरा व मका भरघोस, गहूं मात्र जागोजाग चट्टे पडल्यासारखा. आई म्हणाली, "यंदा देवीची मर्जी दिसत नाहीं." वडिलांनीं नारळ फोडला, गडावर जाऊन ओटी भरविली, आणि कार्तिकांत त्याच कणगींतला गहूं पेरला. शेतही तसेंच उगवलें. कणगी ज्या भिंतीशीं होती ती भिंत पावसाळ्यांत पाझरत असे, हें पुढें कणगी हलविली तेव्हां कळलें. देवीनें महिनाभर आधीं उत्तर देऊन ठेविलें होतें; आम्हींच तें आमच्या पापपुण्याचें समजलों, बियाण्याचें समजलों नाहीं.

आमच्या मतें या विधीचा काळच बोलका आहे. चैत्राच्या सुमारास साठविलेलें गव्हाचें व हरभऱ्याचें बीं सबंध पावसाळा कोठींत काढून नवरात्रापर्यंत येतें. याच सहा महिन्यांत दमटपणा व सोंडे त्याचा घात करतात. गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत व्हावयाची. म्हणजे दसऱ्यास बीं फसलेलें दिसलें तरी दुसरें मिळविण्यास अवसर राहतो. पेरून दहा दिवसांनीं कळलें तर पाणी, मशागत व हंगाम तिन्ही गेलीं.

घटांत बीं दाट व एकत्र पडतें, पाणीही कमीजास्त होतें, म्हणून त्यावरून नेमका आंकडा निघत नाहीं हें खरें. यासाठीं घट मांडतांनाच पेरणीच्या बियाण्यांतले न निवडतां घेतलेले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटांत निराळे गुंडाळून ठेवावे. प्रमाणित बियाण्याच्या कसोटींत गहूं व हरभरा यांची अखेरची मोजणी आठव्या दिवशीं करतात, ती नवरात्रांतच येते! दोहोंसही किमान 85 टक्के उगवण लागते. 60 च दाणे रुजले, तर एकरीं 40 किलो गव्हाच्या जागीं सुमारें 57 किलो लागेल. आणि असें बीं उगवलें तरी रोप अशक्त राहतें, तेव्हां तें दळणास लावून दुसरें आणणें बरें.

येथें एक गैरसमज सांगितला पाहिजे. घटांतले कोंब पिवळे आले म्हणजे कांहीं जण तो शकुन मानतात, कांहीं जण रोग. दोन्ही नव्हे, देवघराच्या अंधारांत वाढणारें कोणतेंही रोप पिवळेंच राहतें. पाहावयाचें तें किती दाणे रुजले हें, रंग नव्हे.

दुसरें असें, कीं संकरित बाजरी किंवा मका यांचें घरचें धान्य घटांत उत्तम उगवेल, परंतु शेतांत पहिल्या पिकासारखें उत्पन्न देणार नाहीं. तें बीं दरवर्षीं नवेंच घ्यावें लागतें. गव्हाचें तसें नाहीं. निफाडच्या संशोधन केंद्रानें काढलेले त्र्यंबक, तपोवन यांसारखे सरळ वाण भेसळ टाळून राखले, तर घरचें बीं कांहीं वर्षें चालतें. घट खरा उपयोगी पडतो तो अशा घरच्या बियाण्यास.

आतां बाजारांत माती व धान्य यांची तयार पुडी मिळूं लागली आहे. शहरांत ज्यांस शेत नाहीं त्यांनीं ती घ्यावी; परंतु वीस एकरांचा धनी आपल्या शिवाराची माती सोडून विकतची माती देवीपुढें मांडतो, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. त्या घटावरून त्यास काय कळणार? दुकानांतलें औषध चोळलेलें रंगीत बियाणें तर घटांत मुळींच घालूं नये. ते तुरे मुलांच्या हातांत जातात, कोणी तोंडांतही घालतात.

कांद्याच्या बियाण्याचें काय, असें कांदेकरी बांधव विचारतील. तें साध्या साठवणींत जेमतेम वर्षभर टिकतें, म्हणून त्याचीच परीक्षा अधिक अगत्याची. पण नवरात्रांत अनेक घरीं कांदा वर्ज्य, तेव्हां देवघरांत त्याचा आग्रह धरून घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष ओढवून घेऊं नये. पडवींतल्या एखाद्या कोनाड्यांत ओल्या फडक्यांत 100 बिया ठेवाव्या. त्यांस बारा दिवस लागतात. प्रतिपदेस ठेवल्या तर दसरा उरकून द्वादशी-त्रयोदशीस मोजाव्या, आणि 70 हून कमी रुजल्या तर तें बीं रोपवाटिकेंत टाकूं नये.