राक्षस कुणी केला?

प्राध्यापक वर्गात शिकवतात : केशवसुतांची कविता रोमँटिक, ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही भयकादंबरी. मला दोन्हींत गावकुसाबाहेरचं पोरच दिसलं. केशवसुतांनी १८८८ साली अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न कवितेत आणला. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत घडवणाराच आपल्या निर्मितीला टाकून पळतो. साधं नावही देत नाही. आंधळा म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो. डोळस पोरगा काठीनं झोडपतो. वा रे डोळस! पण हा ‘राक्षस’ वाचायला शिकतो, कर्त्याला जाब विचारतो. कवितेतलं पोर प्रश्नापाशीच थांबलं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या धामणगावचा दगडू, म्हणजे दया पवार, थांबला नाही. १९७८ साली ‘बलुतं’ आलं. तुमचा कळवळा राहू द्या. राक्षस कुणी केला, तेवढं बोला.