पाठांतराने सॉफ्टवेअर येत नाही



आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली आज संगणक अभियांत्रिकी शिकत आहेत. आईबापांनी कर्ज काढून, ओव्हरटाइम करून त्यांना तेथवर पोचवले आहे. त्यांना 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा विषय असतो. पुष्कळ मुले तो गाइडवरून पाठ करतात, पास होतात आणि नोकरीच्या मुलाखतीत अडखळतात. असे का होते?

छोटा प्रोग्राम एकटा माणूस लिहू शकतो. मोठ्या सॉफ्टवेअरला मात्र अनेक माणसे, ठरलेला पैसा आणि ठरलेली मुदत लागते. ही कामे हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव तेथून रूढ झाले.

आयबीएम कंपनीत मोठ्या कामाची धुरा सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली पुस्तकात लिहिले, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर ऐनवेळी नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. बिगारी काम करणाऱ्या बापाला याचे नवल वाटणार नाही. अर्धवट कामावर नवे गडी आले, की जुन्यांचा वेळ त्यांना काम दाखवण्यातच जातो!

हे वर्गात ऐकून पटते, पण अंगवळणी पडत नाही. म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत एमिली नवारो आणि आन्द्रे व्हॅन डर होक यांनी 'सिमएसई' नावाचा संगणकीय खेळ तयार केला. पडद्यावर एक कचेरी दिसते. विद्यार्थी तिचा प्रमुख होतो. कोणाला कोणते काम द्यायचे, तपासणी केव्हा करायची, हे त्याने ठरवायचे. पैसा आणि वेळ मोजकाच असतो. घाईने तपासणी गाळली, तर चुका शेवटी अंगावर येतात आणि गुण कमी पडतात. कोठे चुकले हे पाहून पुन्हा खेळता येते. त्याच विद्यापीठात याच विषयावर पत्त्यांचा खेळही तयार झाला. तो खेळायला संगणकही लागत नाही.

ज्याच्या घरी इंजिनिअर बाप आहे, त्याला कचेरीतल्या या गोष्टी जेवताना ऐकायला मिळतात. आपल्या मुलांच्या घरात हा विषय पहिल्यांदाच येतो आहे. अशा मुलांना चुका करून शिकण्याची जागा हवी. नोकरीतली चूक महागात पडते, खेळातली फुकट शिकवते. अर्थात, असे खेळ शिक्षकाची जागा घेणार नाहीत. आधी विषय नीट समजला पाहिजे.

मग आपण काय करावे? रविवारी विहारात चार विद्यार्थ्यांनी बसावे. विहाराच्या ग्रंथालयाची पुस्तकनोंद संगणकावर आणण्याचे काम घ्यावे. एकाने ग्रंथपालाची गरज विचारून लिहून काढावी, दुसऱ्याने आराखडा करावा, तिसऱ्याने प्रोग्राम लिहावा, चौथ्याने चुका शोधाव्यात. पुढच्या वेळी कामे बदलावीत. मुलाखतीत सांगायला स्वतःचा अनुभव असेल.

भगवान बुद्धांनी आपला धम्म 'एहिपस्सिको' म्हटला. या आणि स्वतः पाहा! बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, तेही नुसते घोकण्यासाठी नव्हे.

जयभीम! नमो बुद्धाय!